दाद मागणारी राजकन्या : सोफिया दुलीपसिंग

नाशिकला गोदावरीच्या काठी एके काळी पंजाबच्या एका राणीची समाधी होती, हे खुद्द नाशिककरांपैकीही पुष्कळांना आज ठाऊक नसेल. राणी लाहोरची, मृत्यू लंडनला आणि दहन नाशिकला, असा हा विलक्षण प्रवास. महाराजा रणजितसिंगांची ही धाकटी राणी जिंदन. १८६३ साली ती लंडनमध्ये वारली. मुलगा दुलीपसिंग तिचा देह घेऊन हिंदुस्थानात आला. पण तो पंजाबात नेण्यास सरकारने मनाई केली, आणि मग मुंबईपासून जवळचे तीर्थ म्हणून गोदावरीच्या काठी त्याने आईला अग्नी दिला. परतीच्या वाटेवर इजिप्तमध्ये त्याला बांबा म्युलर नावाची एक मुलगी भेटली. बाप जर्मन, आई हबशी, शिक्षण मिशनच्या शाळेतले. तिच्याशी त्याने १८६४ मध्ये लग्न केले. या जोडप्याची एक मुलगी म्हणजे सोफिया जिंदन दुलीपसिंग. मधले नाव आजीचे.

प्रस्तुत लेख या सोफियाविषयी आहे. तिचे नाव आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. ते स्वाभाविकही म्हणता येईल. तिचा लढा इंग्लंडात झाला आणि तो इंग्लंडच्या स्त्रियांच्या मताधिकाराचा होता. तिला ओढूनताणून आपल्या स्वातंत्र्यलढ्याची नायिका करण्याचे कारण नाही. मला तिच्या आयुष्यातली एकच गोष्ट विशेष वाटते. पोलिसांनी भर रस्त्यात स्त्रियांना बडविले, आणि त्याची दाद मागण्यासाठी कायदेशीर माणसाने जे जे करावे ते ते तिने केले. पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

मात्र त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी तिच्या घराण्याची थोडी हकीकत सांगणे भाग आहे, कारण अर्ज करायचा आणि उत्तराची वाट पाहायची हा या घराला जडलेला जुनाच रोग होता.

दुलीपसिंग पाच वर्षांचा असताना, १८४३ साली, लाहोरच्या गादीवर बसला. १८४९ साली इंग्रजांनी पंजाब खालसा केला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. तहावर त्याची सही घेतली, कोहिनूर हिरा राणी व्हिक्टोरियाकडे रवाना केला, आईला त्याच्यापासून आधीच तोडले होते. पुढे त्याला ख्रिस्ती केले आणि १८५४ मध्ये इंग्लंडला पाठविले. राणी व्हिक्टोरियाला हा देखणा पोरगा फार आवडला. सफकमधील एल्व्हेडन येथे त्याने मोठी जहागीर घेतली, शिकारी केल्या, मेजवान्या दिल्या, कर्ज केले. चाळिशी उलटल्यावर मात्र त्याला हिशोब आठवू लागला. पंजाबातील आपली खाजगी मालमत्ता, मिठाच्या खाणी, ठरलेली आणि प्रत्यक्ष मिळालेली तनख्याची रक्कम यांविषयी तो इंडिया ऑफिसकडे लिहू लागला. १८८२ साली त्याने आपली कैफियत लंडनच्या टाइम्समध्ये छापून आणली. कोणी दाद दिली नाही. शेवटी १८८६ मध्ये कुटुंबकबिला घेऊन तो हिंदुस्थानकडे निघाला, तर सरकारने त्याला एडनलाच अडविले. बायकामुले इंग्लंडला परतली, दुलीपसिंग एडनला पुन्हा शीख होऊन पॅरिसला गेला. तिथे त्याने दुसरा संसार मांडला, आणि १८९३ साली तिथेच त्याचा अंत झाला.

सोफियाचा जन्म ८ ऑगस्ट १८७६चा. एडनची फेरी झाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी तिला विषमज्वर झाला. आई उशाशी बसून राहिली आणि त्याच दुखण्याने स्वतःच गेली. मुलगी वाचली. बाप परागंदा, आई गेलेली, धाकटा भाऊ एडवर्डही १८९३ साली वारला. राणी व्हिक्टोरिया सोफियाची धर्ममाता होती. तिने या मुलींची सोय लावली. १८९६ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यासमोरचे फॅरडे हाऊस त्यांना राहण्यास मिळाले. (विजेचा शोधक मायकेल फॅरडे याचे अखेरचे दिवस याच घरात गेले, म्हणून हे नाव.) भाडे नाही, शिवाय सालिना तनखा. हा तनखा मूळ पंजाबच्या तहापोटीचा, म्हणजे अखेर हिंदुस्थानच्या रयतेच्या करातून जाणारा. याची जाणीव त्या वयात सोफियाला असेल असे वाटत नाही. त्या काळची तिची ओळख म्हणजे सुंदर पोशाख, सायकलची हौस आणि कुत्री. जातिवंत कुत्री पाळून ती प्रदर्शनांत मांडी. हे कुत्र्यांचे वेड पुढे एका खटल्यात कामी आले, ते ओघात येईलच.

तिला जाग आणली ती हिंदुस्थानच्या प्रवासाने. १९०३च्या दिल्ली दरबाराला ती येऊन गेली होती. पण १९०७ सालचा प्रवास वेगळा ठरला. लाहोर आणि अमृतसर तिने डोळे उघडे ठेवून पाहिले. आजोबांच्या राजधानीत आपण परक्या आहोत, आणि आपल्या मागे गुप्त पोलीस आहेत, हे तिच्या लक्षात आले. पंजाब त्या वेळी शेतसाऱ्याच्या आणि कालव्याच्या कायद्यांनी पेटलेला होता. याच मुक्कामात तिने गोपाळ कृष्ण गोखल्यांना ऐकले, लाला लजपतरायांना पाहिले. त्याच वर्षी मे महिन्यात लालाजींना मंडालेला हद्दपार केले. नेमस्त आणि जहाल अशी दोन्ही माणसे एकाच प्रवासात भेटावी, आणि सरकारने त्यांतल्या एकाचे काय केले तेही पाहायला मिळावे, हा योग मोठा होता. इंग्लंडला परतलेली सोफिया पूर्वीची राहिली नाही. १९०९ साली ती एमलिन पँकहर्स्टबाईंच्या स्त्रियांच्या संघटनेची, वुमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियनची, सभासद झाली.

१९१०च्या आरंभापासून या संघटनेने आपली लढाऊ कृत्ये स्थगित केली होती. कारण मताधिकारासाठी सर्व पक्षांतील खासदारांची एक समिती बनली होती आणि तिने एक तडजोडीचे विधेयक पुढे आणले होते. सर्व स्त्रियांना नव्हे, फक्त मालमत्ता असणाऱ्या काही लाख स्त्रियांना मत द्यावे एवढीच त्याची मागणी. जुलैमध्ये दुसरे वाचन पार पडले. पण पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांना हे प्रकरण मुळातच नको होते. १८ नोव्हेंबर १९१० रोजी, शुक्रवारी, त्यांनी पार्लमेंट बरखास्त करून निवडणुका घेण्याची घोषणा केली. विधेयकाचा त्यात उल्लेख नव्हता. म्हणजे ते बुडाले.

कॅक्स्टन हॉलमध्ये स्त्रिया जमल्याच होत्या. सुमारे तीनशे जणी लहान लहान तुकड्यांनी पार्लमेंटकडे निघाल्या. पहिल्या तुकडीत खुद्द पँकहर्स्टबाई होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन होत्या. इंग्लंडात डॉक्टर म्हणून नाव नोंदवून घेणाऱ्या स्त्रियांत त्या आघाडीच्या. हर्था आयर्टन या शास्त्रज्ञ होत्या. आणि राजकन्या सोफिया होती. या नामांकित तुकडीला पोलिसांनी फारसा धक्का न लावता पार्लमेंटच्या दारापर्यंत जाऊ दिले आणि तिथे रोखून धरले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. मागून येणाऱ्या तुकड्यांचे काय होते आहे ते या बायांनी पायऱ्यांपाशी उभे राहून पाहावे, अशीच ती व्यवस्था झाली.

सहा तास हे चालले. एरवी मोर्चा अडवला की पोलीस पुढच्या बायकांना अटक करीत आणि प्रकार आटोपे. त्या दिवशी अटक होईना. ज्यांना या निदर्शनांची सवय नव्हती असे पोलीस शहराच्या इतर भागांतून आणले होते. ते स्त्रियांना उचलून गर्दीत फेकीत, पुन्हा आल्या की पुन्हा फेकीत. बोटे पिरगळणे, दंड मुरगळणे, छातीवर आघात, आणि उघड उघड विनयभंग. रोझा मे बिलिंगहर्स्ट या लहानपणीच्या दुखण्याने पायांनी अधू होत्या आणि तीन चाकांच्या हातगाडीतून आल्या होत्या. त्यांना गाडीतून खाली पाडले, हात मागे पिरगळले, मग एका गल्लीत ढकलून चाकांचे व्हॉल्व्ह काढून घेतले, म्हणजे गाडी हलू नये! दुसऱ्या दिवशीच्या डेली मिररच्या पहिल्या पानावर एका स्त्रीचे छायाचित्र आले. ती जमिनीवर कोसळलेली आहे आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले आहे. ती अ‍ॅडा राइट असावी असे मानतात. या दिवसाला तिथल्या इतिहासात काळा शुक्रवार हे नाव पडले.

सोफियाने दारातून एक पोलीस पाहिला. तो एका बाईला पुन्हा पुन्हा उचलून आपटीत होता. बाईच्या अंगात त्राण उरले नव्हते. सोफिया गर्दीत घुसली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. पोलिसाने तिला ओळखले असावे, कारण तो काढता पाय घेऊ लागला. इथे बहुतेकांनी बाईला सावरून समाधान मानले असते. सोफिया पोलिसाच्या मागे गेली. त्या काळी लंडनच्या पोलिसाच्या गळपट्टीवर विभागाचे अक्षर आणि त्याचा क्रमांक असे. तो पाहिल्याशिवाय तिने त्याला सोडले नाही. क्रमांक होता व्ही ७००.

तक्रारीला आणखी काय लागते? दिवस ठाऊक, वेळ ठाऊक, जागा पार्लमेंटच्या दारासमोरची, आरोपीचा क्रमांक मिळालेला, आणि साक्षीदार कोण, तर राणीची धर्मकन्या. एखाद्या वकिलाने सांगून तयार करावा असा हा पुरावा होता. सोफियाने गृहखात्याकडे लेखी फिर्याद केली. गृहमंत्री होते विन्स्टन चर्चिल, वय वर्षे पस्तीस.

चर्चिलसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी एक चलाखी केली होती, ती नीट समजून घेतली पाहिजे. काळ्या शुक्रवारी अखेरीस एकशे एकोणीस जणांना अटक झाली होती. त्यांत चार पुरुष होते. शनिवारी त्यांना बो स्ट्रीटच्या कोर्टात उभे केले, तर सरकारी वकिलाने सांगितले की बहुतेकांवरचे खटले चालविण्यात लोकहित नाही, असे गृहमंत्र्यांचे मत आहे. सगळे सुटले. वरवर पाहता ही मेहेरबानी. पण खटला उभा राहिला असता तर पोलिसांना साक्षीसाठी पिंजऱ्यात यावे लागले असते, त्यांची उलटतपासणी झाली असती, स्त्रियांच्या अंगावरचे वळ न्यायाधीशापुढे आले असते. सुटका झाली आणि त्याबरोबर कोर्टाचे दारही बंद झाले. शिक्षा न देता माणसाला गप्प करण्याची ही रीत पुढे जगभर पुष्कळांनी वापरली आहे.

कोर्टात जे झाले नाही ते दोन माणसांनी बाहेर केले. एक हेन्री ब्रेल्सफर्ड नावाचे पत्रकार, तडजोड समितीचे चिटणीस, दुसऱ्या डॉ. जेसी मरे. दोघांनी जखमी स्त्रियांच्या आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या जबान्या घेण्यास सुरुवात केली. एकशे पस्तीस जबान्या जमल्या. जवळजवळ प्रत्येकीत मारहाणीचे वर्णन होते, एकोणतिसांत विनयभंगाचेही. त्या काळच्या इंग्लंडातल्या कुलीन बाईने आपल्या अंगाला कोणी कुठे हात लावला हे कागदावर सांगायचे, हे केवढे धैर्य असेल याची कल्पना आजही आपल्याकडच्या मुली करू शकतील. हेन्रिया विल्यम्स यांची जबानी त्यांत होती. त्यांचे हृदय मुळातच अशक्त होते, आणि पोलिसाने छाती इतकी आवळली की श्वास कोंडला, असे त्यांनी सांगितले. १९११च्या जानेवारीच्या अगदी आरंभी हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. हा मृत्यू त्या मारानेच झाला असे चळवळीतल्या स्त्रिया मानीत. कायद्याने ते सिद्ध होण्याचा प्रश्नच आला नाही, कारण कायद्यापुढे काही गेलेच नाही.

या जबान्यांचे निवेदन फेब्रुवारी १९११ मध्ये गृहखात्याला सादर झाले. मागणी एकच होती, जाहीर चौकशी करा. नुकसानभरपाई नाही, कोणाला फाशी द्या असे नाही. चर्चिल यांनी मार्चमध्ये पार्लमेंटात उत्तर दिले. आपण तसले कोणतेही हुकूम दिले नव्हते असे सांगून त्यांनी पोलिसांची बाजू घेतली आणि चौकशी नाकारली. पोलीस कमिशनर सर एडवर्ड हेन्री हेही आपल्याला अनोळखी नाहीत. बंगालमध्ये पोलीसप्रमुख असताना बोटांच्या ठशांची वर्गवारी त्यांच्या नावावर लागली. तिच्यामागची मेहनत अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी नोकरांची होती. ठशावरून गुन्हेगार ओळखणारे ते खाते, पण गळपट्टीवर क्रमांक असलेला माणूस त्याला सापडला नाही! सोफियाने पुन्हा लिहिले, पुन्हा लिहिले. शेवटी, या बाईच्या पत्रांना यापुढे उत्तर धाडू नये, अशा अर्थाचा शेरा चर्चिल यांनी मारला आणि फिर्याद दप्तरी दाखल झाली.

दप्तरी दाखल हा शब्द मोठा फसवा आहे. कागद नाहीसा होत नाही, माणूस मात्र त्यातून नाहीसे होते. सोफियाच्या बाबतीत नेमके उलट झाले. बापाने अशाच अनुत्तरित पत्रांपायी आयुष्य कडू करून घेतले होते. मुलीने पत्रे थांबविली आणि दुसरी वाट धरली. ६ फेब्रुवारी १९११ रोजी पार्लमेंटचे अधिवेशन सुरू होत होते. अ‍ॅस्क्विथ यांची मोटार डाउनिंग स्ट्रीटवरून निघाली, तो कोटाच्या आत लपवलेला फलक काढून सोफिया मोटारीसमोर आली आणि मताधिकाराची मागणी तिने काचेवर दाबून धरली. त्या वर्षीच्या खानेसुमारीत तिने आपली माहिती देण्याचे नाकारले. आणि मग ती कराच्या मुद्द्यावर आली.

मत नाही तर कर नाही, या तत्त्वावर स्त्रियांची एक करबंदीची संघटना स्थापन झाली होती. त्या काळी इंग्लंडात गाडी, नोकर आणि कुत्री बाळगण्यास सरकारी परवाना काढावा लागे. मे १९११ मध्ये एक गाडी, एक नोकर आणि पाच कुत्री विनापरवाना बाळगल्याबद्दल राजकन्येवर खटला झाला. तीन पौंड दंड झाला, तो तिने भरला नाही. मग जप्ती आली आणि सात हिऱ्यांची एक अंगठी उचलून नेली. लिलावात मैत्रिणीने ती दहा पौंडांना घेतली आणि तिथल्या तिथे सोफियाला परत केली. १९१३ सालच्या डिसेंबरात पुन्हा तोच प्रकार. या खेपेस दोन कुत्री आणि गाडीवर रंगविलेले कुलचिन्ह. (त्याचाही परवाना लागे!) दंड साडेबारा पौंड. जप्तीत एकशे एकतीस मोत्यांचा कंठा आणि रत्नजडित बांगडी गेली, ट्विकनमच्या टाउन हॉलमध्ये लिलाव पुकारला गेला, आणि पुन्हा चळवळीतल्या मैत्रिणींनीच दागिने विकत घेऊन तिला दिले.

हे सारे नाटक होते, श्रीमंतांची हौस होती, असे कोणी म्हणेल. दागिने परत मिळणार हे ठरलेले, तुरुंगवास कधी घडला नाही, मग त्यात त्याग कसला? हा आक्षेप अगदीच फोल नाही. हॉलोवेच्या तुरुंगात उपाशी राहून नळीने अन्न कोंबून घेणाऱ्या गरीब घरच्या मुलींशी तिची तुलना करू नये. सरकारने तिला तुरुंगात टाकण्याचे टाळले ते तिच्या नावामुळे, आणि याची तिला चीड होती असे दिसते. पण व्ही ७००च्या प्रकरणाशी हे खटले जोडून पाहिले की त्यांचा अर्थ निराळा लागतो. गृहखात्याने तिची फिर्याद कोणत्याही न्यायासनापुढे येऊ दिली नाही. तेव्हा तिने स्वतःच आरोपी होऊन न्यायासन गाठले. कुत्र्याच्या परवान्याचा का होईना, खटला झाला की दंडाधिकाऱ्याला तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागे. मत नसलेल्या माणसाकडून कर घेणे अन्याय्य आहे. ज्या दिवशी राज्य मला नागरिक मानील त्या दिवशी मी आनंदाने कर भरीन, या आशयाचे तिचे निवेदन कोर्टात झाले आणि वर्तमानपत्रांत आले. गृहमंत्र्याच्या शेऱ्याने जे बंद झाले होते ते तीन पौंडांच्या दंडाने उघडले.

१९१३ साली ती हॅम्प्टन कोर्टाच्या दारात, म्हणजे राजाने दिलेल्या घरासमोरच, उभी राहून सफ्रजेट हे वर्तमानपत्र विकी. गळ्यात थैली, शेजारी जाहिरातीचा फलक, अंगावर उंची फरचा कोट. तिचे ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. राजवाड्यात संताप झाला. या बाईला घराबाहेर काढता येईल काय, अशी विचारणा झाली, पण ते धाडस शेवटी कोणी केले नाही.

चळवळीने या काळात दगड हाती घेतले होते. काळ्या शुक्रवारनंतर पार्लमेंटवर मोर्चा नेऊन अंगावर मार घेण्यापेक्षा दुरून सरकारी खिडकीची काच फोडावी, अटक तरी लवकर होते, असा सरळ हिशोब पुष्कळ जणींनी केला. पुढे आगी लावण्यापर्यंत मजल गेली. त्या मार्गाचे समर्थन करणे अवघड आहे. पण चौकशीची साधी मागणी फेटाळणाऱ्यांना नंतर फुटलेल्या काचांचे आश्चर्य वाटावे, हेही नवलच.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि चळवळ थांबली. सोफिया १९१५ पासून परिचारिका म्हणून काम करू लागली. ब्रायटनला जखमी हिंदी सैनिकांची इस्पितळे होती. रणजितसिंगांची नात आपल्या जखमा धुते आहे यावर शीख शिपायांचा विश्वास बसत नसे, असे सांगतात. १९१८च्या कायद्याने तिशीच्या वरील, मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना मत मिळाले. वय आणि अट पुरुषांच्या बरोबरीने यायला १९२८ साल उजाडावे लागले.

त्यामधल्या काळात, १९२४ साली, सोफिया पुन्हा पंजाबात आली. तिची थोरली बहीण बांबा लाहोरला राहत होती. त्याच वर्षी बांबाने आजीच्या, जिंदनराणीच्या अस्थी नाशिकहून हलवून लाहोरला रणजितसिंगांच्या समाधीपाशी ठेवल्या. साठ वर्षांपूर्वी नाकारलेली परवानगी नातीने अशी वसूल केली. हे घराणे विसरणारे नव्हते.

आणखी चार वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९२८ रोजी, त्याच लाहोरात सायमन कमिशनविरुद्ध निघालेल्या मिरवणुकीवर लाठ्या चालल्या. मार बसला तो लाला लजपतरायांच्या छातीवर. १७ नोव्हेंबरला लालाजी गेले. इथेही सरकारने जबाबदारी नाकारली. हुकूम देणारा अधिकारी कोण हे साऱ्या शहराला माहीत होते. पुढचा इतिहास, भगतसिंग आणि आपल्या खेडचे राजगुरू, कोणाला सांगायला नको. फॅरडे हाऊसमध्ये बसून सोफियाने ही बातमी वाचली असेल तेव्हा तिला काय वाटले याची नोंद माझ्या वाचनात नाही. ज्याला तिने १९०७ मध्ये पाहिले होते त्या माणसाची बातमी, एवढे मात्र खरे.

उत्तरायुष्य तिने शांतपणे काढले. पँकहर्स्टबाई १९२८च्या जूनमध्ये वारल्या. त्यांच्या मागे जुन्या सहकारिणींची जी संस्था निघाली तिच्यात सोफिया अखेरपर्यंत होती. १९३० साली पार्लमेंटशेजारी त्यांचा पुतळा उभारला, तेव्हा फुलांची व्यवस्था तिच्याकडे होती. म्हणजे काळ्या शुक्रवारी जिथे तिला रोखून धरले होते त्या दारापासून थोड्याच अंतरावर. दुसऱ्या महायुद्धात तिने बकिंगहॅमशायरमधल्या घरी लंडनची निर्वासित मुले सांभाळली. २२ ऑगस्ट १९४८ रोजी ती वारली. वय बहात्तर. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन एक वर्ष लोटले होते, आणि तिच्या आजोबांचे राज्य दोन देशांत वाटले गेले होते. तिच्या इच्छेप्रमाणे तिचे दहन झाले.

२०१८ मध्ये ब्रिटिश टपालखात्याने मताधिकाराच्या शताब्दीनिमित्त तिकिटे काढली. त्यांतल्या एकावर फरचा कोट घालून वर्तमानपत्र विकणारी सोफिया आहे. मे २०२३ मध्ये फॅरडे हाऊसच्या भिंतीवर तिच्या नावाची निळी पाटी बसली. काळ्या शुक्रवारची जाहीर चौकशी कधी झाली नाही. ब्रेल्सफर्ड आणि मरे यांनी घेतलेल्या एकशे पस्तीस जबान्या मात्र शाबूत आहेत, आणि त्या दिवसाविषयी लिहिणारा प्रत्येक इतिहासकार अजूनही आधी त्याच उघडतो.